दोन जीबीची कवटी

ऑगस्ट २०२१मध्ये महाराष्ट्रातल्या हजारो अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल फोन प्रकल्प कार्यालयांत जाऊन परत केले. फोन तापतो, मधेच अडकतो, वॉरंटी संपल्यामुळे दुरुस्तीचा खर्च स्वतःच्या खिशातून करावा लागतो, त्याच वर्षी मार्चमध्ये आलेलं ‘पोषण ट्रॅकर’ हे अ‍ॅप इंग्रजीत आहे, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. आणि आणखी एक तक्रार होती. फोनची रॅम फक्त २ जीबी आहे, त्यात हे अ‍ॅप चालत नाही. मानधन, पेन्शन, सुट्ट्या या मागण्या आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. मोर्चाच्या निवेदनात ‘रॅम’ हा शब्द आलेला मी तेव्हा पहिल्यांदाच वाचला.

ही गोष्ट संगणकवाल्यांची आहे, डॉक्टरने त्यात कशाला नाक खुपसावं, असं वाटू शकतं. पण ढाणकीच्या परिसरात, बिटरगावच्या बाजूला पैनगंगा अभयारण्याला लागून असलेल्या आमच्या बंदी भागात काम करणाऱ्या सेविकांशी बोलताना एक वाक्य वारंवार कानावर येतं. “सर, बाळाचं वजन-उंची भरत होते, मधेच मॅडमचा फोन आला. बोलून परत आले तर फॉर्म कोरा.” त्यावर आजूबाजूचे लगेच निदान करतात : रेंज नसेल. रेंजचा त्रास आमच्याकडे आहेच, पण हे दुखणं रेंजचं नाही. फॉर्म अजून पाठवलेलाच नव्हता, तो फोनमधून पुसला गेला. त्याचं कारण मेमरीच्या मर्यादेत आहे.

त्या कोऱ्या झालेल्या फॉर्ममध्ये काय असतं, हे आधी सांगतो. सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी भरला की ते अतितीव्र कुपोषित समजलं जातं. उंचीच्या मानाने वजन फारच कमी असेल तरीही तेच. अशा बाळाला साधा जुलाब किंवा न्यूमोनियाही झेपत नाही. दर महिन्याचं वजन मागच्या महिन्याशी ताडून पाहिलं तरच घसरण वेळेत दिसते. एक महिना कोरा गेला, तर आम्हा डॉक्टरांसमोर ते बाळ येतं तेव्हा बहुधा सलाइन लावायची वेळ आलेली असते.

आता रॅम म्हणजे काय ते पाहू. फोन घेताना दुकानदार दोन आकडे सांगतो, आणि बहुतेकांच्या डोक्यात त्यांची गल्लत होते. ६४ जीबी, १२८ जीबी हा आकडा रेकॉर्ड रूमचा. जुने केसपेपर तिथे गठ्ठे बांधून वर्षानुवर्षे पडून राहतात. २, ४, ६ जीबी हा आकडा रॅमचा, म्हणजे खाटांचा. पेशंटवर उपचार करायचे तर त्याला खाट लागते. रेकॉर्ड रूम कितीही मोठी असली तरी तिथे सलाइन लावता येत नाही. म्हणून ‘मेमरी कार्ड टाकलं तरी हँग होतो’ या तक्रारीत नवल काही नाही.

फोनमधल्या अ‍ॅपला या खाटा थेट मिळत नाहीत. मधे एक कारभारी असतो. त्याला व्हर्च्युअल मशिन म्हणतात, म्हणजे यंत्राच्या पोटात कल्पनेने उभं केलेलं दुसरं यंत्र. त्याची कामं दोन. पहिलं दुभाष्याचं. आमच्या ओपीडीत मराठी, बंजारा, गोंडी, उर्दू अशा सगळ्या बोली येतात; प्रत्येकीसाठी वेगळा डॉक्टर नेमता येत नाही, चांगला दुभाष्या असला की भागतं. तसंच वेगवेगळ्या कंपन्यांच्या फोनसाठी वेगवेगळं अ‍ॅप लिहावं लागत नाही. एकदा लिहिलेलं अ‍ॅप त्या-त्या फोनमधला हा दुभाष्या त्याच्या चिपला समजावून देतो. १९९५मध्ये आलेल्या जावा या भाषेने ही पद्धत घराघरांत नेली. अँड्रॉइड फोनमध्ये सुरुवातीला जे असं यंत्र होतं त्याचं नाव डाल्विक. आइसलँडमधल्या एका मासेमारीच्या गावावरून ते ठेवलेलं आहे. (उद्या एखाद्या यंत्राचं नाव ढाणकी ठेवायलाही हरकत नसावी.) २०१४ साली त्याची जागा ‘अँड्रॉइड रनटाइम’ने घेतली.

या कारभाऱ्याचं दुसरं काम खाटा देण्याचं आणि रिकाम्या करून घेण्याचं. जुन्या भाषांत लिहिणाऱ्याला प्रत्येक खाट स्वतः मागून स्वतःच परत करावी लागे. विसरला की खाट कायमची अडकली. जावासारख्या भाषांत ही झाडलोट आपोआप होते. कल्पना जुनी आहे, १९५९च्या सुमारास अमेरिकेत जॉन मॅकार्थी यांनी ती मांडली. त्यातला जो बारकावा पुढे आला, तो मला फार आवडतो. संशोधकांच्या लक्षात आलं की प्रोग्रॅमने मागितलेल्या बहुतेक जागा क्षणभरच वापरल्या जातात, थोड्याच दीर्घकाळ लागतात. म्हणजे आमचीच गत! सकाळच्या ओपीडीत आलेले बहुतेक पेशंट गोळ्या घेऊन दुपारच्या आत घरी जातात. मोजके वॉर्डात दाखल होतात. म्हणून मेमरीचे दोन भाग पाडले : ओपीडी आणि वॉर्ड. ओपीडी वारंवार आणि झटपट झाडायची. वॉर्डाची मोठी झाडलोट क्वचित, कारण तिला वेळ लागतो आणि जुन्या पद्धतीत तेवढा वेळ बाकी सगळं काम थांबवावं लागायचं. फोनवर बोट फिरवताना पडदा क्षणभर थिजतो, त्यामागे अनेकदा ही झाडलोट असते.

पण एकूण खाटा किती, हे झाडूवाला ठरवत नाही. ते आधी कोणीतरी ठरवून ठेवलेलं असतं. २००८ साली आलेल्या पहिल्या अँड्रॉइड फोनची रॅम १९२ एमबी होती आणि एका अ‍ॅपच्या वाट्याला त्यातले जेमतेम १६ एमबी येत. आजही प्रत्येक अ‍ॅपला अशी कमाल मर्यादा असते. फोन बनवणारी कंपनी ती फोनच्या आत एका ओळीत लिहून ठेवते. स्वस्त फोनमध्ये कमी, महागड्यात जास्त. अ‍ॅप लिहिणारा ‘मला जास्त हवी’ असा अर्ज करू शकतो, पण त्यालाही टोक आहे.

ही मर्यादा किती लवकर संपते? समजा सेविकेने बाळाच्या लसीकरण कार्डाचा फोटो काढला. कॅमेरा १२ मेगापिक्सेलचा. फोटोची फाइल तीन-चार एमबीची दिसते, कारण ती दाबून, घडी घालून ठेवलेली असते. पडद्यावर दाखवायची तर घडी उलगडावी लागते. आडवे ४००० आणि उभे ३००० ठिपके, प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट, म्हणजे ४८ एमबी. जुन्या अँड्रॉइडवर अ‍ॅपची मर्यादा १२८ एमबी असेल तर असे दोन फोटो कसेबसे मावत, तिसऱ्याला अ‍ॅप कोसळे. उपाय अगदी साधा आहे. फोटो उलगडतानाच लांबी-रुंदी निम्मी करून घ्यायची. ४८चे १२ एमबी होतात. चतुर्थांश केली तर ३. कार्डावरची तारीख तेवढ्यातही वाचता येते. हे करणारे प्रोग्रॅमर आणि न करणारे प्रोग्रॅमर, असा फरक गावातल्या फोनवर लगेच दिसतो. शहरातल्या ८ जीबीच्या फोनवर दोघेही सारखेच हुशार दिसतात.

मर्यादा कमी ठेवली तर अ‍ॅप नुसतं कोसळत नाही, कोसळण्याआधी ते दमतं. खाटा संपत आल्या की कारभारी सारखा राउंड घेत सुटतो : कोणाला सुट्टी देता येईल? कोणालाच नाही. पुन्हा राउंड. उपचार बाजूला राहतात, सगळा वेळ खाटा शोधण्यात जातो, फोन तापतो, बॅटरी उतरते. संगणकांवरच्या जावात याची एक ठरलेली व्याख्याच आहे. वेळेचा ९८ टक्क्यांहून अधिक भाग झाडलोटीत जातोय आणि त्यातून २ टक्क्यांपेक्षाही कमी जागा मोकळी होतेय, असं दिसलं की यंत्र स्वतःच हात वर करतं आणि तसा शेरा लिहून काम थांबवतं. इतका प्रामाणिक शेरा मी अजून कुठल्या कार्यालयाच्या फायलीवर पाहिलेला नाही.

मग मर्यादा भरपूर वाढवून का ठेवू नये? कारण खाटा कागदावर वाढवून इमारत वाढत नाही. २ जीबीच्या फोनमध्ये मोठा भाग अँड्रॉइड स्वतःच वापरतं. त्यात कीबोर्ड, कॉल, व्हॉट्सअ‍ॅप. उरलेल्यात सगळ्या अ‍ॅप्सनी आपापली मर्यादा पूर्ण वापरायची म्हटलं तर जागा पुरणं शक्यच नाही. तेव्हा फोनमधला आणखी एक अधिकारी जागा होतो. त्याचं काम मोठ्या अपघातात आम्ही करतो तसं प्रतवारीचं : कोणाला वाचवायचं, कोणाला सोडायचं. डोळ्यांसमोर चालू असलेलं अ‍ॅप शेवटपर्यंत राखायचं. मागे गेलेली अ‍ॅप्स आधी संपवायची. सारख्या पायरीवरच्या अ‍ॅप्समध्ये जे जास्त जागा अडवून बसलंय, त्याची पाळी आधी येऊ शकते.

सेविकेचा फॉर्म कोरा कसा होतो, ते आता दिसेल. मॅडमचा कॉल आला, त्यासरशी कॉलचा पडदा पुढे आला आणि फॉर्मचं अ‍ॅप मागे गेलं. रॅम तुडुंब. अधिकाऱ्याने मागच्यांतलं एक संपवलं. तीन मिनिटांनी ताई परतल्या तेव्हा अ‍ॅप पुन्हा पहिल्यापासून उघडलं. यात ताईंची चूक नाही, रेंजची नाही, आणि खरं तर त्या प्रतवारी करणाऱ्या अधिकाऱ्याचीही नाही. अ‍ॅप मागे जाताना अर्धा भरलेला फॉर्म रेकॉर्ड रूममध्ये टाकून ठेवायची सोय अँड्रॉइडने दिलेली आहे. प्रत्येक रकाना भरला की लगेच जतन करा, एवढं काम लिहिणाऱ्याने केलं तर अ‍ॅप मेलं तरी माहिती जगते.

मेमरीच्या या दुखण्याचं डॉक्टरच्या ओळखीचं रूप म्हणजे कवटी. १७८३मध्ये एडिंबरोचे अलेक्झांडर मन्रो आणि १८२४मध्ये त्यांचे शिष्य जॉर्ज केली यांनी एक साधी गोष्ट सांगितली : कवटी हाडाची पेटी आहे, ती ताणत नाही. आत मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचं पाणी, एवढ्या तीनच गोष्टी. ढोबळमानाने मेंदू १४०० मिलिलिटर, बाकीचे दोन प्रत्येकी १५०. यातलं एक वाढलं तर दुसऱ्याला कमी व्हावं लागतं. मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागलेला तरुण आमच्याकडे येतो. आत रक्त साठत असतं. सुरुवातीला पाणी सरकून जागा देतं, मग शिरांतलं रक्त. दाब जवळजवळ वाढत नाही. पोरगा बोलतो, चहा मागतो, नातेवाईक म्हणतात, “डॉक्टरसाहेब, बरा आहे, नेतो घरी.” आणि मग सरकायला काही उरत नाही. त्यानंतरचे थोडेसे मिलिलिटर दाब एकदम चढवतात आणि तासाभरापूर्वी बोलणारा माणूस बेशुद्ध पडतो.

मेमरीचंही असंच आहे. ६० टक्के भरली तरी काही जाणवत नाही, ८० टक्क्यांना नाही. झाडलोट सगळं सांभाळून घेते. मग शेवटच्या थोड्याशा वाढीत सगळं एकदम थबकतं. म्हणून ‘ऑफिसात तपासलं तेव्हा नीट चालत होतं’ या वाक्यावर मी विश्वास ठेवत नाही. तपासणीच्या फोनमध्ये चार बालकं भरलेली असतात, गावच्या फोनमध्ये चाळीस.

लहान बाळाची टाळू मात्र उघडी असते. त्याच्या कवटीला वाढायला वाव असतो. जावाच्या यंत्रालाही असे दोन आकडे लागतात, सुरुवातीचा आणि कमाल. लहान जागेत सुरू करायचं आणि गरजेप्रमाणे कमाल आकड्यापर्यंत वाढू द्यायचं. कोणी काहीच सांगितलं नाही तर संगणकावरची जावा सहसा यंत्राच्या रॅमचा चौसष्टावा भाग सुरुवातीला घेते आणि चौथा भाग कमाल धरते.

या ‘कोणी काहीच सांगितलं नाही तर’मध्ये रुग्णालयांचीही बरीच दुखणी आहेत. रुग्णनोंदणीच्या अनेक प्रणाली जावात आहेत. जगभर गरीब देशांतल्या दवाखान्यांत वापरली जाणारी, २००४मध्ये सुरू झालेली ओपनएमआरएस जावातलीच. तिच्यावर उभी असलेली बहमनी आपल्या शेजारच्या छत्तीसगडमध्ये, गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोगच्या रुग्णालयात पहिल्यांदा वापरात आली. अशी प्रणाली सकाळी नऊला छान चालते आणि बाजाराच्या दिवशी अकरा वाजता केसपेपरच्या खिडकीवर रांग लागली की बसते. मग सर्व्हर बदला अशी मागणी होते. ८ जीबीच्या जागी १६ जीबीचा येतो. पण कमाल मर्यादेची ओळ कोणी पूर्वी २ जीबीवर बांधून ठेवलेली असेल तर नव्या सर्व्हरवरही प्रणाली २ जीबीच वापरते. बाकीची रॅम रिकामी बसते. सरकारी आरोग्यसेवेत काम करणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. इमारत १०० खाटांची बांधून झालेली असते आणि पदमान्यता ३० खाटांचीच असते.

उलटाही प्रकार होतो. आता एका सर्व्हरवर भिंती घालून अनेक प्रणाली भाड्याने ठेवतात. जुन्या जावाला या भिंती दिसत नसत. आपल्याला एक खोली दिलेली आहे हे न कळता ती सगळा वाडा मोजायची, त्याचा चौथा भाग आपला समजायची, आणि खोलीबाहेर पाय टाकला की वाड्याचा मालक तिला एका फटक्यात बंद करायचा. मार्च २०१८मध्ये आलेल्या दहाव्या आवृत्तीपासून जावाला भिंती दिसू लागल्या. आणि फार मोठ्या सर्व्हरवर एक गंमत आहे. मर्यादा साधारण ३२ जीबीच्या पलीकडे नेली की जावाला प्रत्येक वस्तूचा पत्ता लांब लिहावा लागतो, पत्त्यांनीच जागा खाल्ली जाते आणि ३३ जीबीत ३१ जीबीपेक्षा कमी माल मावू शकतो.

मग योग्य आकडा कोणता? हा प्रश्न ‘पॅरासिटामॉल किती द्यायची’ यासारखा आहे. वजन विचारल्याशिवाय उत्तर देऊ नये. गर्दीच्या दिवशी प्रणाली चालवायची, मोठी झाडलोट झाल्यावरही किती जागा अडलेली राहते ते पाहायचं. ते तिचं खरं वजन. कमाल मर्यादा त्याच्या दुप्पट ते चौपट ठेवतात, आणि यंत्राच्या बाकीच्या कामांसाठी जागा राखून ठेवतात. पुढचे काही दिवस आलेख बघायचा. निरोगी आलेख करवतीच्या दातांसारखा : चढतो, झाडलोट झाली की खाली येतो, पुन्हा चढतो. प्रत्येक वेळी खाली येण्याची पातळी थोडी थोडी वर सरकत असेल, तर प्रोग्रॅममध्ये गळती आहे; कोणीतरी सुट्टी झालेल्या पेशंटची नावं रजिस्टरमधून काढत नाहीये. अशा वेळी मर्यादा वाढवणं म्हणजे पोटात पू असताना तापाची गोळी देत राहणं. आठवडाभर बरं वाटतं. त्यासाठी शवविच्छेदनाची सोयही आहे : कोसळताना मेमरीत नेमकं काय भरलं होतं त्याची नोंद करून ठेव, असं जावाला आधी सांगता येतं. ही ओळ फुकट आहे आणि बहुतेक ठिकाणी घातलेली नसते.

फोनची मर्यादा आपल्या हातात नाही. पण काही गोष्टी आहेत. रॅम ‘साफ’ करणारी जी अ‍ॅप्स मिळतात ती टाकू नका. ती स्वतःच जागा अडवतात, आणि त्यांनी बंद केलेलं अ‍ॅप पुन्हा पहिल्यापासून उघडताना बॅटरी जास्तच जाते. फोन अधूनमधून पूर्ण बंद करून सुरू करा. फॉर्म भरण्याआधी फोटोची गॅलरी, यूट्यूब मिटवा. ‘जतन करा’चं बटण असेल तर कॉल उचलण्याआधी दाबा, मॅडम पुन्हा लावतील.

आणि फोन खरेदी करणाऱ्यांसाठी एक आकडा. गुगलने २०१७मध्ये कमी ताकदीच्या फोनसाठी अँड्रॉइडची एक हलकी आवृत्ती जाहीर केली, तेव्हा ती १ जीबी किंवा त्याहून कमी रॅमच्या फोनसाठी होती. २०२२मध्ये आलेल्या तेराव्या अँड्रॉइडपासून त्या हलक्या आवृत्तीलाच किमान २ जीबी लागू लागली. फोन पाच वर्षं वापरायचा असेल तर निविदेत आजच्या अ‍ॅपपुरती रॅम लिहून चालत नाही. अ‍ॅप दर काही महिन्यांनी नवे रकाने, नवे फोटो घेऊन जाड होत जातं, फोन तेवढाच राहतो. निविदेत आणखी एक अट घालावी असं मला वाटतं : अ‍ॅपची चाचणी त्याच फोनवर, चाळीस बालकं भरून, मधे दोन कॉल घेऊन करावी.

तोपर्यंत बंदी भागातल्या बहुतेक ताया वजन आधी कागदाच्या रजिस्टरमध्ये लिहितात आणि मग फोनमध्ये. दुहेरी काम होतं, त्याचं मानधन मिळत नाही. मागच्या तीन महिन्यांचं वजन विचारलं की त्या ते रजिस्टरच पुढे करतात, आणि सलाइनचा वेग मी त्यावरूनच ठरवतो.